एक्कावन्नवर अडलेला पाक

आमच्या पाकाच्या कारखान्याच्या हजेरीपटावर माझा क्रमांक चौदावा आहे. अकरा, बारा आणि तेरा या क्रमांकांवर पोलादाचे तीन स्तंभ आहेत. ते माझ्याआधी कायम झाले. त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. ते पगार घेत नाहीत आणि कोणाच्या डब्यात हात घालत नाहीत.

कारखाना अल्जियर्सहून दूर, डोंगराळ भागातल्या बात्ना शहराबाहेर, बिस्क्राच्या रस्त्यावर. मक्याच्या पिठापासून आम्ही ग्लुकोजचा पाक करतो. तो साठ अंशांवर गरम करून स्तंभातून सोडला, की आतल्या मण्यांवर बसवलेलं एन्झाइम त्यातल्या ग्लुकोजची फळसाखर करतं. फळसाखर ही ग्लुकोजची सख्खी बहीण. अणू तेच, बसायची पद्धत वेगळी आणि गोडी दुपटीहून जास्त. हा पाक गझूझवाल्यांकडे, म्हणजे रंगीत सोडा-सरबतं करणाऱ्यांकडे जातो. आमच्याकडे लग्नात काझी उशिरा आला तर लोक थांबतात. गझूझ उशिरा आलं तर उठून जातात.

मी इथला रसायनतज्ज्ञ. तात्पुरता. पदवी घेतल्यावर चार वर्षं मी पूर्णवेळ डॉमिनो खेळलो, मग दोन वर्षांच्या तात्पुरत्या पत्रावर इथं लागलो. ती दोन वर्षं फेब्रुवारीच्या पहिल्या गुरुवारी संपत होती. कायम नेमणुकीचं पत्र टाइप होऊन मालकांच्या खणात पडलं होतं. एकदा खण उघडा होता तेव्हा मी ते वाचलं. माझं नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर, सहीची जागा कोरी.

मालक म्हणजे हाजी बूझीद. हिवाळाभर उंटाच्या लोकरीच्या जाड झग्यात बसतात आणि फक्त कॉफीचा कप उचलण्यासाठी एक हात बाहेर काढतात. जानेवारीच्या सुरुवातीला तो हात बाहेर आला आणि त्यानं मला बसायची खूण केली.

"झोहीर, बिजायाचे सरबतवाले आपला पाक घेणार. वर्षभर."

"मुबारक, हाजी."

"पंचावन्न टक्के फळसाखर पाहिजे म्हणाले. मी हो म्हटलं."

"हाजी, आपला एक्कावन्न निघतो."

"म्हणजे चारच कमी. मी काय चाळीस मागतोय का तुझ्याकडे?"

"पण हाजी..."

"पहिल्या गुरुवारी त्यांची बाई तपासायला येणार. त्याच दिवशी तुझं पत्र. पंचावन्न निघाले तर सही. नाही निघाले तर डॉमिनोवाले तुझी आठवण काढतच असतील."

मी फळ्यापाशी गेलो. आमचा फळा म्हणजे एका जुन्या फ्रीजचं दार आहे.

"शंभर किलो साखर धरा. त्यातली क्ष किलो फळसाखर झाली. उरलं शंभर वजा क्ष ग्लुकोज. साठ अंशांवर फळसाखर भागिले ग्लुकोज हे १.०४ वर येऊन थांबतं. तो समतोलाचा आकडा. क्ष भागिले शंभर वजा क्ष, बरोबर १.०४. सोडवलं की क्ष येतो एक्कावन्न."

"हा १.०४ कोणी ठरवला?"

"कोणी नाही. तो आहेच तसा."

"त्याच्या वरच्या माणसाशी बोलता येईल का?"

मी खडू ठेवला आणि सोपं करून सांगायला घेतलं. "समजा, दोन कॅफे आहेत. एक ग्लुकोज कॅफे, एक फळसाखर कॅफे. मधे एक दार. माणसं इकडून तिकडे जातात, तिकडून इकडे येतात. थोड्या वेळानं जेवढे जातात तेवढेच येतात. मग दोन्हीकडची गर्दी बदलत नाही. एन्झाइम म्हणजे ते दार. दार नसलं तर माणसं जागची हलणार नाहीत. पण दार रुंद केलं म्हणून सगळे एकाच कॅफेत जमणार नाहीत. जाणारे वाढतात, तसे येणारेही वाढतात."

हाजींनी कॉफीचा घोट घेतला. "मग एकाच बाजूनं उघडणारं दार बसव."

"तसं दार मिळत नाही."

"अल्जियर्सला विचारलंस?"

हाजींच्या मते प्रश्न साधा होता. कामगार कमी पडत होते. त्यांनी आणखी दोन स्तंभ आणले. पूर्वी एका स्तंभातून एक्कावन्न टक्के व्हायला नऊ तास लागायचे. आता तिघांत मिळून तीन तासांत एक्कावन्न टक्के झाले.

"बघ, लवकर होतंय," हाजी म्हणाले.

"लवकर होतंय. पण तेवढंच होतंय."

"मग शिस्त कमी पडतेय."

दुसऱ्या दिवशी तिन्ही स्तंभ हजेरीपटावर चढले. तात्पुरत्यांची नावं पटावर लागत नाहीत, त्यामुळे दहा माणसांनंतर थेट स्तंभांचा नंबर लागला. आमचे मुकादम रेझकी काका रोज सकाळी पट वाचतात. ते ओरडायचे, "अकरा!" स्तंभ काही बोलायचा नाही. मी म्हणायचो, "आहे." बारा, आहे. तेरा, आहे. आठवड्याभरानं हाजींनी त्यांची जेवणाची सुट्टी रद्द केली. त्यांनी तक्रार केली नाही. फळसाखर एक्कावन्न.

मग मी माझी अक्कल चालवली. तापमान चढवलं की समतोलाचा आकडा थोडा वर सरकतो. ऐंशी अंशांवर हिशेब चोपन्नला जातो, नव्वदवर छप्पन्नच्या जवळ. मी तेराव्या स्तंभाला नव्वद अंश दिले. पहिल्या दिवशी पंचावन्न निघाले आणि मी मनातल्या मनात पत्राला चौकट करून भिंतीवर टांगलं. दुसऱ्या दिवशी पाक कॉफीच्या रंगाचा झाला आणि आतलं एन्झाइम शिजून मेलं. पटावर तेराव्यापुढे मी 'दीर्घ रजा' असं लिहिलं. नवे मणी भरल्यावर तो परत रुजू झाला, अर्थातच साठ अंशांवर.

यानंतर एक सकाळ अशी आली, की चाचणीसाठी स्तंभातून दुसऱ्यांदा फिरवलेल्या पिंपभर पाकात शंभर किलो साखर असायला हवी तर एकशेवीस निघाली. मी तीनदा मोजलं. फळसाखरेचं प्रमाण मात्र एक्कावन्नच. मी हाजींकडे गेलो. त्यांच्या पायाखाली एक रिकामं पोतं होतं. त्यावर छापलं होतं : शुद्ध फळसाखर, वीस किलो.

"हाजी, हे पोतं?"

"फरशी गार लागते."

"आतला माल कुठाय?"

हाजींनी खिडकीबाहेर पाहिलं. "पिंपात टाकला. थोडा हातभार."

"दुसऱ्यांदा स्तंभातून जायच्या आधी की नंतर?"

"आधीच. म्हटलं, त्यांच्या डोळ्यांसमोरून जाऊ दे. काय बनवायचंय त्याचा नमुना तरी बघतील."

मी फ्रीजच्या दारावर हिशेब मांडला. आधीची एक्कावन्न किलो फळसाखर, वरून वीस, झाली एकाहत्तर. ग्लुकोज एकोणपन्नास. एकूण एकशेवीस. स्तंभातून पुन्हा गेल्यावर एकशेवीसचे एक्कावन्न टक्के, म्हणजे एकसष्ट किलो आणि वर थोडी.

"म्हणजे दहा किलो कुठं गेली?" हाजींनी विचारलं.

"परत ग्लुकोज झाली. दार दोन्हीकडे उघडतं, हाजी. तुम्ही फळसाखर कॅफेत वीस माणसं घुसवलीत. त्यातली दहा उठून समोरच्या कॅफेत गेली."

हाजींनी पायानं पोतं दूर सरकवलं. "मी त्यांना तयार माल दिला," ते हळू आवाजात म्हणाले, "आणि त्यांनी तो उसवला?"

"मन लावून."

"तुझ्या पत्राला आता आठ दिवस राहिलेत, पोरा. माझं काय, मी बिजायाला फोन करून माफी मागीन. तू बघ."

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, रेझकी काका सुट्टीवर गेले. त्यांना नात झाली होती आणि सातव्या दिवसाचा नाव ठेवायचा कार्यक्रम त्यांच्याच घरी होता. जाताना त्यांनी मला अंगणात नेलं. तिथं तयार पाकाची मोठी टाकी उभी असते. आमच्या इथल्या थंडीत तो पाक खालून गोठायला लागतो, दाणे धरतो, नळ बंद पडतो. म्हणून रेझकी काका हिवाळ्यात रोज सकाळी दोन तास टाकीच्या अंगावर गरम पाणी सोडतात. रबरी नळी त्यांनी माझ्या हातात अशी दिली, जशी तीच त्यांची नात होती.

"तीस हिवाळे झाले," ते म्हणाले. "एकदाही गोठू दिली नाही. रोज दोन तास. विसरलास तर आत दगड होईल."

"काका, मी पदवीधर आहे."

"म्हणूनच दोनदा सांगतोय."

त्या दिवशी बर्फ पडलं. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. तिसऱ्या दिवशी शनिवार, म्हणजे आमच्याकडची आठवड्याची सुट्टी. चौथ्या दिवशी मला आठवलं.

टाकीवर थाप मारली तर भिंतीवर मारल्यासारखा आवाज आला. खालचा नळ उघडला, काही आलं नाही. चार दिवस उरले असताना पंचावन्न तर नव्हतेच, आता एक्कावन्नही नळातून येत नव्हते. अशा वेळी विचारी माणूस करतो तेच मी केलं. जेवणघरात जाऊन लपलो.

तिथं आमच्या स्वयंपाकीण झुलीखा मावशी तमीना करत होत्या. मूल जन्मलं की आमच्याकडे तमीना करतात. भाजलेला रवा, लोणी आणि मध. रेझकी काकांच्या नातीच्या नावानं त्यांनी सगळ्या कारखान्यासाठी घाट घातला होता. पुढ्यात डोंगरातल्या मधाची बरणी होती. थंडीनं तिचा खालचा पाऊण भाग पांढुरका होऊन बसला होता, वर चार बोटं पातळ, सोनेरी मध. मावशी वरचाच मध अलगद चमच्यानं काढत होत्या.

"मावशी, खालचा ढवळून घ्या की."

"हात लावू नकोस! खालचा नुसता खरखरीत. गोडी सगळी वर राहते. वरचा तमीनाला, खालचा खोकल्याला. माझी आई असंच करायची, तिची आईही. तुला युनिव्हर्सिटीत काय शिकवलं रे?"

"दार," मी म्हटलं.

"कसलं दार?"

मी दोन बोटं चाटली, एक वरच्या मधाचं, एक खालच्याचं. वरचा जिभेला चिकटून राहिला. खालचे दाणे विरघळले आणि फार काही बोलले नाहीत. ते ग्लुकोजचे दाणे होते. मधातही तीच दोन भावंडं असतात. थंडी पडली की ग्लुकोज दाणे धरून खाली बसतो. फळसाखर बसत नाही.

"मावशी," मी म्हटलं, "तुमच्या आजीला कायम नेमणूक द्यायला पाहिजे होती."

"ती वारली रे."

"तरी."

मी डाव घेऊन टाकीच्या शिडीवर चढलो. झाकणावरचं बर्फ झटकलं आणि वरून दोन डाव पातळ पाक काढला. प्रयोगशाळेत पितळी नळीचं एक जुनं यंत्र आहे. त्यात पाक भरून प्रकाश सोडला, की ग्लुकोज प्रकाशाला उजवीकडे वळवतो आणि फळसाखर डावीकडे. कोण किती हे त्यावरून कळतं. दोन वर्षांत ते यंत्र एक्कावन्नच्या खुणेवर इतक्यांदा थांबलं होतं, की तिथली पट्टी झिजली होती. त्या दिवशी ते पुढे गेलं. डावीकडे, आणखी डावीकडे. सत्तावन्न.

मी हिशेब उलटा केला. एक्कावन्न किलो फळसाखर शंभरऐवजी किती किलो साखरेत असली तर सत्तावन्न टक्के होईल? साडेएकोणनव्वद. म्हणजे प्रत्येक शंभरातला साडेदहा किलो ग्लुकोज खाली बसला होता. मी आणखी दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा मोजत असताना अंगणातून हाजींचा आवाज आला.

"झोहीर! टाकी गोठलीय!"

मी बाहेर गेलो. हाजींनी चक्क दोन्ही हात झग्याबाहेर काढले होते.

"रेझकी तुला एक काम सांगून गेला. एक! नळी धरायची. शेळीलासुद्धा जमेल!"

"हाजी, वरचा पाक सत्तावन्न आहे."

"शेळीला निदान... किती?"

"सत्तावन्न. टाकीत दार नाही, हाजी."

"टाकीला झाकण आहे, दार कशाला पाहिजे?"

"ते दार नाही. एन्झाइम स्तंभात असतं, टाकीत नसतं. माणसं इकडची तिकडे होऊ शकत नाहीत. आणि थंडी पडली की ग्लुकोजवाले खाली बसतात, उठत नाहीत. फळसाखरवाल्यांना थंडी वाजत नाही. वरचा पाक काढून घ्यायचा, तो आपला माल."

"आणि खाली बसलेले?"

"त्यांना पाण्यात विरघळवून परत स्तंभात पाठवायचं. तिथून ते पुन्हा एक्कावन्न टक्के फळसाखर होऊन येतील. पुन्हा गार करायचं, पुन्हा वरचं काढायचं. एन्झाइम आपला आकडा सोडत नाही. सोडायची गरजच नव्हती."

हाजी बर्फात उभे राहून विचार करू लागले. त्यांच्या टोपीवर थोडं बर्फ साचलं.

"म्हणजे माझे कामगार बरोबर होते."

"पहिल्या दिवसापासून."

"आणि रेझकी? तो तीस वर्षं काय करत होता?"

"पंचावन्न होऊ देत नव्हता."

हाजींनी इकडेतिकडे पाहिलं. "हे त्याला सांगायचं नाही. नातीचा सातवा दिवस अजून व्हायचाय."

गुरुवारी मी सकाळी लवकर पोचलो. बिजायाची बाई दहाला येणार होती. अंगणातून वाफ येत होती. आमच्या अंगणात वाफ एकाच माणसामुळे येते.

रेझकी काका नव्या कोटात उभे राहून टाकीवर गरम पाणी सोडत होते.

"काका! थांबवा!"

"थांबवू? लाज नाही वाटत? सात दिवस नळी दिली तर दगड केलास! तीस हिवाळे..."

मी धावत जाऊन नळ बंद केला. ते मला नळीनं मारणार होते, पण नळी मीच धरली होती. "किती वेळ सोडलंत?"

"पंधरा-वीस मिनिटं. का?"

दाणे वितळत होते. ग्लुकोज उठून परत वर चालला होता आणि त्याच्याबरोबर माझं पत्र. मी शिडीवर चढलो, वरचा पाक उपसला, यंत्रात घातला. छप्पन्न.

सत्तावन्न असता तर दोन भाग वरचा पाक आणि एक भाग साधा एक्कावन्नचा मिसळून नेमके पंचावन्न झाले असते. ठरल्यापेक्षा जास्त देणं हाजींच्या स्वभावात नाही. आता छप्पन्न. मग चार भाग वरचा, एक भाग साधा. चार छप्पन्न दोनशे चोवीस, अधिक एक्कावन्न, दोनशे पंच्याहत्तर, भागिले पाच. पंचावन्न. मी पिंपात मोजून ओतलं आणि ढवळत बसलो. रेझकी काका नळीचं तोंड पुसत माझ्याकडे बघत होते. माणूस कामातून गेला, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

मादाम वर्दिया दहाला पाच कमी असताना आल्या. बुटांवर घोटाभर बर्फ, हातात स्वतःचं यंत्र. त्यांनी स्वतः पाक काढला, स्वतः भरला, डोळा लावला. मला आठवतंय, तेवढ्या वेळात डॉमिनोच्या सगळ्या सोंगट्या माझ्या मनात एकदा मांडून झाल्या.

"पंचावन्न," त्या म्हणाल्या. मग स्तंभांकडे वळून भुवया चढवल्या. "हे तर साठ अंशांवर चालतायत. यांतून एक्कावन्नच्या वर निघत नाही. तुम्ही कसं काढता?"

"शिस्त," हाजी म्हणाले आणि त्यांनी हजेरीपट पुढे केला.

मादाम वर्दियांनी पट वाचला. अकरा, बारा, तेरा. तेराव्यापुढची 'दीर्घ रजा' दोनदा वाचली. "याला काय झालं होतं?"

"ताप," मी म्हटलं.

त्यांनी करारावर शिक्का मारला. मला वाटतं त्यांना बर्फ वाढायच्या आत घाट उतरायचा होता. तरी मावशींनी त्यांना तमीना खाल्ल्याशिवाय सोडलं नाही.

मग हाजींनी रेझकी काकांना बोलावलं. "रेझकी, आजपासून तुझं काम बदललं. तू टाकी गोठवायची."

"हाजी, ती आपोआप गोठते."

"म्हणूनच अनुभवी माणूस पाहिजे. मधे मधे हात लावणारे खूप असतात."

काकांनी कोट नीट केला. त्यांना ते पटलं असावं. "तीस हिवाळे मी तिला ओळखतो," ते म्हणाले. "माझ्याइतकी कोणी गोठवणार नाही."

खण उघडला. पत्र बाहेर आलं. हाजींनी लोकरीतून हात काढला, पेन झटकलं, सहीच्या जागेवर टेकवलं आणि थांबले.

"मार्चनंतर काय? ऊन पडेल."

"मासळीवाल्याची जुनी शीतखोली विकायला आहे, हाजी. मी विचारून आलोय."

"पाकाला वास येईल."

"रिकामी आहे. तीन वर्षं मासा बघितला नाही तिनं."

हाजींनी सही केली. सहीला इतका वेळ लागला, की मला मधेच एकदा श्वास घ्यावा लागला.

रविवारी सकाळी रेझकी काका पट घेऊन अंगणात उभे राहिले. टाकी बाजूला शांतपणे गोठत होती.

"अकरा!"

"आहे," मी म्हटलं.

"बारा!"

"आहे."

"तेरा!"

"आहे."

"चौदा!"

मी इकडेतिकडे पाहिलं. नवा स्तंभ कधी आणला, असा विचार करत होतो.

"अरे, आहे तो!" हाजी खिडकीतून ओरडले. "लिहून टाक. आणि त्याची जेवणाची सुट्टी रद्द करू नकोस, हा खातो."